एमएम ५४० मध्ये बोलेरोचे टर्बो इंजिन : चेंबर, पंखा आणि टर्बो यांच्या जागेचा प्रश्न

खाडीकाठ

नमस्कार. दापोली तालुक्यात राहतो. माझ्या जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपचे मूळचे २११२ सीसीचे प्यूजो इंजिन थकल्यामुळे तिथे बोलेरोचे २५२३ सीसीचे टर्बो डिझेल इंजिन बसवण्याचे काम सध्या चालू आहे. इंजिन फाउंडेशनवर (चासीवरच्या आधारांवर) बसले आणि गिअरबॉक्सही जुळला, परंतु तीन ठिकाणी जागा अपुरी पडते. गाडी उभी असताना ऑइल चेंबर (इंजिनखालचे तेलाचे भांडे) आणि पुढच्या एक्सलची नळी यांत जेमतेम ३० मिलिमीटर अंतर उरते, पंखा रेडिएटरच्या जाळीला जवळजवळ टेकला आहे, आणि टर्बो (एक्झॉस्टच्या गरम वायूवर फिरणारा हवेचा पंप) ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या भागाच्या) इतका जवळ आला आहे की मध्ये हात जात नाही.

मिस्त्रींच्या मते फाउंडेशनखाली पट्ट्या घालून इंजिन दोन इंच उचलावे आणि इंजिनवर फिरणारा मूळ पंखा काढून विजेचा बसवावा, म्हणजे सगळे मार्गी लागेल. गाडी कुंभार्ली घाटाने कराडला जाते आणि पावसाळ्यात बागेच्या कच्च्या रस्त्यावर चालते. इंजिन उचलण्यापूर्वी कोणकोणती मापे घ्यावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनाजांभा

आपण दिलेले ३० मिलिमीटर हे उभ्या गाडीचे माप आहे, आणि या कामात ते फारसे उपयोगाचे नाही. पाट्यांवरचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांवरचा) पुढचा एक्सल खड्ड्यात बंप रबरापर्यंत, म्हणजे चाल थांबवणाऱ्या चासीखालच्या रबरापर्यंत, वर येतो, म्हणून माप तिथे घ्यावे लागते. दोन्ही बाजूंचे मुख्य पाटे तेवढे ठेवून बाकीचे काढा, चासी घोड्यांवर पक्की टेकवा आणि जॅकने एक्सल रबर दबेपर्यंत वर आणा. नंतर एकच बाजू वर घेऊन पुन्हा पाहा, कारण एक्सल तिरका झाला की डिफरन्शियलचा (एक्सलमधल्या गिअरच्या पेटीचा) फुगीर भाग वेगळ्याच ठिकाणी येतो आणि पुढची चाके जोडणारा टाय रॉडही आपली जागा बदलतो. या दोन्ही स्थितींत किमान २० मिलिमीटर तरी मोकळे राहिले पाहिजेत. तेवढे राहत नसेल, तर एखाद्या खड्ड्यात चेंबर फुटून तेल रस्त्यावर येईल.

इंजिन उचलण्याविषयी माझा आक्षेप आहे. केवळ पुढची बाजू उचलली, तर गिअरबॉक्सचे शेपूट खाली झुकते आणि गिअरबॉक्सची ताकद एक्सलला पोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांच्या जॉइंटचे कोन एकमेकांशी जुळत नाहीत. हा फरक एका अंशापलीकडे गेला की वेगात थरथर सुरू होते आणि जॉइंट लवकर वाजू लागतात. गिअरबॉक्ससकट सगळे उचलले, तर दोन्ही जॉइंटचे कोन वाढतात, आणि या जीपचा मागचा शाफ्ट आधीच आखूड आहे. शिवाय दोन इंचांनी बॉनेट नक्की अडेल. ते पाहण्यासाठी शाडूच्या मातीचे गोळे पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून इंजिनच्या उंच भागांवर ठेवा, बॉनेट हलकेच बंद करून उघडा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. गणपतीच्या शाळेतून उरलेली माती आपल्याकडे सहज मिळते.

माझ्या मते चेंबरलाच खाच द्यावी. चेंबर पत्र्याचे असेल, तर एक्सल जिथे वर येतो तेवढाच भाग कापून आत घ्यावा आणि कमी झालेली तेलाची जागा बाजूला रुंदी वाढवून भरून काढावी. तेल ओढून घेणाऱ्या आतील जाळीचे तळापासूनचे मूळ अंतर मात्र जसेच्या तसे राखावे, कारण ते चुकले तर चढावर जाळी तेलाबाहेर येते आणि टर्बोचे बेअरिंग सर्वांत आधी जाते. जोड पूर्ण झाल्यावर गळती पाहण्यासाठी त्यात रॉकेल भरून रात्रभर ठेवावे, आणि तेलाची पातळी दाखवणाऱ्या तेलपट्टीवर नवी खूण करावी. चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचे असेल, तर गावातल्या वेल्डिंगवर ते सोपवू नका. अशा वेळी बंप रबर उंच करून एक्सलची चाल कमी करणे बरे. गाडी थोडी आदळेल, पण ते परवडते.

कुंभार्लीचढ

चेंबरविषयी सहमत आहे. पंख्याच्या बाबतीत मात्र मिस्त्रींचे म्हणणे सरसकट मोडीत काढू नये. मूळ पंख्याला रेडिएटरच्या जाळीपासून सुमारे २५ मिलिमीटर अंतर हवे, कारण इंजिन रबरांवर डोलते आणि जुन्या रबरांवर जास्तच डोलते. हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडून इंजिन किती हलते ते मदतनीसाला बाजूने पाहायला सांगा. गाडीच्या पुढे कोणीही उभे राहू नये.

विजेचा पंखा जाळीच्या मागे बसवायचा झाला, तरी त्याच्या मोटारीला साधारण ६५ ते १०० मिलिमीटर खोली लागते, तेव्हा तीही जागा आधी मोजा. जाळीच्या पुढे बसवला, तर इंजिनच्या बाजूची जागा वाचते, पण चालत्या गाडीत येणारी हवा काही प्रमाणात अडते. माझी पसंती वेगळी आहे: ग्रिलच्या मागे जागा असल्यास रेडिएटर पुढे सरकवा, मूळ पंखा ठेवा आणि त्याच्याभोवती पत्र्याचे आवरण करा, ज्यात पात्यांची निम्मी रुंदी आत राहील. भर उन्हात, भरल्या गाडीने घाट चढताना हे आवरण फार उपयोगी पडते. विजेचाच पंखा घेतला, तर रिलेबरोबर (पंख्याचा जड प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचबरोबर) हाताने बंद करण्याचे एक बटणही द्या, म्हणजे साकवावर पाणी चढले असता पाती पाण्यात फिरणार नाहीत.

खाडीकाठ

आभारी आहे. चेंबर पत्र्याचेच आहे, त्यामुळे खाच देण्याचे ठरवतो. टर्बो आणि मास्टर सिलिंडर यांचे काय करावे?

जुनाजांभा

तिथे केवळ अंतर वाढवून भागणार नाही. डॉट ३ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, आणि ते हवेतील ओलावा शोषते म्हणून मुरलेल्या तेलाचा १४० अंशांपर्यंत उतरतो. किनाऱ्याच्या दमट हवेत हा दुसरा आकडाच धरून चाला. ऐन उतारावर तेल उकळले, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जाते. टर्बोवर पत्र्याची दुहेरी ढाल बसवा, दोन पत्र्यांमध्ये १० मिलिमीटर हवा राहू द्या आणि ढाल मास्टर सिलिंडरला कुठेही टेकू देऊ नका. एक्झॉस्टच्या नळीवर गुंडाळायची पट्टी मी टाळतो, कारण आपल्या खाऱ्या हवेत तिच्याखाली ओल राहते आणि नळी बाहेरून सडते. ब्रेक ऑइल डॉट ४ घ्या आणि दरवर्षी बदला.

आणखी एक. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली इंजिन बदलण्यास परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. ती हाती नसेल, तर चेंबर कापायला देण्याआधीच चौकशी करा. नोंदीत नसलेल्या इंजिनावर विम्याचा दावा अडकतो.