अकरा वर्षांच्या कुत्रीला शेल्टरमधून घरी आणावं का?

अंगणातली जास्वंद

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. तिसरा मजला, लिफ्ट आहे. घरात मी, नवरा, सहावीतला मुलगा आणि सासूबाई, वय ७४. गेले सात-आठ महिने दर शनिवारी मी आणि मुलगा शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये मदतीला जातो. भांडी घासायची, पाण्याच्या कुंड्या भरायच्या, ज्यांना फिरवता येतं त्यांना फिरवून आणायचं.

तिथे एक काळी गावठी कुत्री आहे. तोंड पांढरं झालंय, कानाला नसबंदीची खाच आहे. सगळे तिला आक्का म्हणतात. एक आजोबा तिला सांभाळायचे. ते गेले, मुलांनी घर विकलं आणि ती इथे आली. त्याला दीड वर्ष झालं. वय अंदाजे ११. दत्तक घ्यायला येणारे लोक सरळ पिल्लांकडे वळतात. सुरुवातीला गेट वाजलं की आक्का उठून यायची, असं तिथल्या मावशी सांगतात. आता ती नुसती मान उचलते, कोण उतरलं ते बघते आणि मान परत पंजांवर ठेवते. परतताना गाडीत मुलगा एक शब्द बोलत नाही.

मला तिला घरी आणायचंय. नवरा तयार आहे. सासूबाई म्हणतात, "जे दोन वर्षांत जाणार ते कशाला लावून घ्यायचं? पोराला रडवायला?" त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. शिवाय मी नऊ ते सहा ऑफिसात, नवरा पण. म्हणजे दुपारी घरात त्या एकट्याच. तिच्या डोळ्यांवर निळसर झाक आहे आणि सकाळी उठताना मागचे पाय ओढते. औषधपाण्याला किती लागतं? या वयात नव्या घरात रुळतात का, की आहे तिथेच सुखी असतात? आणि सासूबाईंना समजवायचं कसं? ज्यांनी म्हातारं कुत्रं आणलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

सातारकर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. सासूबाईंना समजावू नका. दुपारी अकरा ते सहा जे माणूस घरात असतं, कुत्रं त्याचं होतं. म्हणजे हा निर्णय मुळात त्यांचा आहे. त्यांना एकदा शेल्टरवर घेऊन जा. एखादी खुर्ची टाकून बसवा आणि तुम्ही भांडी घासायला निघून जा. तिथून त्या नाही म्हणाल्या तर ते नाही खरं समजा आणि आणू नका. घरी बसून दिलेला नकार हा न बघितलेल्या कुत्र्याला दिलेला असतो.

आमच्याकडे भीम होता. लॅब्रेडॉर. दहाव्या वर्षी शेल्टरमधून आणला. कोणीतरी रात्री गेटला बांधून गेलं होतं, सोबत एक स्टीलचं भांडं. वजन ४१ किलो. आई तेव्हा ८१ वर्षांची. ती म्हणाली होती, "माझं करशील का त्याचं?"

पहिल्या रात्रीचं सांगतो, कारण त्याबद्दल आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. भीम रात्रभर उभा होता. अंथरूण घातलं, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आम्हाला वाटलं, जुन्या घराची आठवण येत असेल. अडीच वाजता मी दिवा लावून हॉलमध्ये गेलो तर त्याचे चारही पाय थरथरत होते. मग नीट पाहिलं. बसायला वाकला की व्हिट्रिफाइड टाइल्सवर मागचे पाय दोन बाजूंना सरकायचे, की तो दचकून परत उभा. बिचारा दमून कोसळायच्या बेताला आला होता, पण बसायची हिंमत होत नव्हती. मी माडीवरच्या लग्नातल्या सतरंज्या काढून भिंतीपासून दारापर्यंत एकाला एक लावून पसरल्या. सतरंजीवर आला, दोनदा गोल फिरला आणि धप्पकन बसला. असा सुस्कारा सोडला की आतल्या खोलीतून आईने विचारलं, "काय झालं रे?"

दुसऱ्या दिवशी खालून रबर असलेल्या मॅट आणल्या. पंजांच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस कापले, नखं कापून घेतली. निम्मं घसरणं तिथेच थांबलं. म्हणून तुम्ही सगळ्यात आधी फरशीचं बघा. तिची झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार, एवढी वाट मॅटची करा. बाकीचं घर तसंच राहिलं तरी चालतं.

रुळण्याचं म्हणाल तर रेस्क्यूवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं सांगतात. भीमच्या बाबतीत ते बरंचसं खरं ठरलं. तीन दिवस नीट जेवला नाही. विसाव्या दिवसाच्या आसपास पहिल्यांदा शेपूट हलवली, तीही आईला बघून, मला नाही. ती दुपारी बाराला भाकरी कुस्करायची आणि हा पावणेबारालाच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. जेवण नियमित आणि मोजून झालं तसा वर्षभरात ३३ किलोवर आला आणि जिना स्वतः उतरायला लागला.

खर्च खरा सांगतो. सुरुवातीच्या तपासण्यांना तीन-साडेतीन हजार लागले, ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुढे सांध्यांच्या गोळ्या धरून महिन्याला साधारण दोन-अडीच हजार. शेवटच्या चार महिन्यांत मात्र किडनीचं सुरू झालं, तेव्हा हिशोब ठेवणं सोडून दिलं. घरीच कातडीखाली सलाइन द्यायला डॉक्टरांनी शिकवलं. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी होते, त्यात सुई. आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायची आणि बाटली संपेपर्यंत त्याच्याशी गावाकडच्या पावसापाण्याचं बोलायची. दोन वर्षं दोन महिने होता आमच्याकडे.

आई रडली. मी पण. त्यानंतर आईने चार महिन्यांनी स्वतः विचारलं, "तिथे अजून कोणी म्हातारं आहे का बघ."

डॉक्टरीणबाई

सातारकरांनी फरशीचं लिहिलं ते फार बरं केलं. दवाखान्यात "पाय गेले" म्हणून आणलेली कितीतरी कुत्री खरं म्हणजे घसरायला घाबरलेली असतात.

जास्वंदताई, डोळ्यांतल्या निळसर झाकेला लगेच मोतीबिंदू समजू नका. वयाबरोबर भिंग घट्ट होतं आणि तसा रंग दिसतो. त्यात नजर बरीचशी शाबूत असते. मोतीबिंदू पांढरा, दुधाळ दिसतो. डॉक्टर बॅटरीने बघून सांगतील.

घरी आणण्यापूर्वी रक्त तपासून घ्या: पेशी, लिव्हर, किडनी, साखर. आणि लघवी तपासायला विसरू नका. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला घटक) वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं जवळजवळ पाऊण काम गेलेलं असतं. लघवी पातळ यायला लागते ते त्याच्या आधी. शेल्टरमधलं कुत्रं आहे, त्यामुळे गोचीड तापाची तपासणी हवीच. प्लेटलेट कमी निघाल्या तर डॉक्टर बहुतेक डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतील, ते साधारण २८ दिवस चालतं. तिसऱ्या दिवशी बरी दिसली म्हणून मध्येच सोडू नका. दात बघून घ्या. हळूहळू जेवते, एकाच बाजूने चावते, असं दिसलं तर दात दुखत असतात. रेबीजची लस केव्हा दिली त्याचा कागद शेल्टरकडून मागून घ्या.

अजून एक, कारण यावरून कुत्री परत जातात. नसबंदी झालेल्या मादीला वय झालं की झोपेत नकळत लघवी होऊ शकते. उठली की खालचं अंथरूण ओलं. तिला ते कळलेलंही नसतं, तेव्हा तिला रागावू नये. यावर औषध आहे आणि बऱ्याच जणींना त्याने फरक पडतो.

पाय दुखतात म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेन कृपा करून देऊ नका. माणसाची वेदनाशामकं कुत्र्याच्या जिवावर बेततात. कांदा-लसूण घातलेलं वरण आणि मनुका-द्राक्षंही नकोत. आजी लोक प्रेमाने प्रसादातला शिरा देतात, त्यात मनुका असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नदीकाठ

मी दुसरी बाजू लिहिते. आम्ही नऊ वर्षांचा कुत्रा आणला आणि १९ व्या दिवशी परत नेऊन दिला. घरात आमची आधीची कुत्री होती, सहा वर्षांची. तो जेवणावरून तिच्यावर दोनदा धावून गेला. आम्ही दोघं रात्री आठला घरी येणारे. दिवसभर दोघांना वेगळ्या खोल्यांत कोंडून ठेवायचो, दोघंही रडायची. परत सोडायला गेलो तेव्हा तो शांतपणे स्वतःच्या जुन्या पिंजऱ्यात जाऊन बसला. ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

त्याची चूक नव्हती. आम्ही आधी दोघांची बाहेर, मोकळ्या जागेत ओळख करून द्यायला हवी होती आणि सुट्टी काढायला हवी होती. तुमच्याकडे दुसरं कुत्रं नाही, दुपारी घरात माणूस आहे, मुलगा तिला आठ महिने ओळखतो. आमच्यापेक्षा खूप बरं आहे. तरीही शेल्टरला विचारा, दोन-तीन आठवडे फॉस्टर म्हणून, म्हणजे दत्तक न घेता तात्पुरतं सांभाळायला, नेऊ देता का. आणि पहिला आठवडा तुमच्या दोघांपैकी एकाने रजा घ्या. सासूबाईंवर पहिल्या दिवसापासून टाकू नका.

परळकर

सोसायटीचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. तरी भांडायच्या आधी शेजाऱ्यांना सांगून ठेवा. म्हातारी आहे, भुंकत नाही, लस झालीये, एवढं दारात जाऊन सांगितलं की बरीच माणसं मऊ होतात. महापालिकेचा परवाना काढून घ्या, त्याला रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं.

मी स्वतः वडिलांच्या मोतीला घेऊन मुंबईत परळला जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथल्या बऱ्याच खेपा घातल्यात. तिथल्या बाकावर शेजारी एक टॅक्सीवाले काका बसायचे, तेरा वर्षांची रस्त्यावरची कुत्री टॉवेलात गुंडाळून. ते दर वेळी मला एकच विचारायचे, "आज जेवला का?" तुम्हीही रोज तेवढंच बघा. जेवली, चालली, शांत झोपली, तर तो दिवस चांगला.

अंगणातली जास्वंद

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं घरात मोठ्याने वाचून दाखवलं, भीमचं दोनदा.

या शनिवारी सासूबाईंना घेऊन गेलो. सातारकर, तुम्ही म्हणालात तसं खुर्चीवर बसवलं आणि मी भांड्यांकडे गेले. आक्का जवळ वगैरे आली नाही. होती तिथेच पडून होती. मग मावशींनी जेवणाची ताटली वाजवली तशी उठायला लागली. आधी पुढचे पाय टेकवले, थांबली, मग मागचा डावा, मग उजवा ओढून घेतला, आणि उभी राहिल्यावर पुन्हा जरा थांबली. सासूबाई एकटक बघत होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, "अगं, ही गुडघ्यांना काय लावते?"

मग मावशींना विचारलं की रात्री ही कशावर झोपते. पोतं, असं उत्तर आलं. घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मुलाला माळ्यावर चढवून स्वतःची जुनी गोधडी काढायला लावली, नऊवारीची, चार पदरी. चौथ्या पदराची शिवण उसवली होती, ती रविवारी चष्मा लावून घातली. सोमवारी नवरा ऑफिसला जाताना ती तिथे देऊन आला. घरी येईल तेव्हा वास ओळखीचा असावा म्हणून तिच्याबरोबर तीच परत आणायची, ही कल्पनाही त्यांचीच.

रक्त आणि लघवी आज तपासायला दिलंय. शेल्टरने तीन आठवडे फॉस्टरला हो म्हटलंय. पहिला आठवडा माझी रजा. हॉलमध्ये मॅट टाकून झाल्या, आणि एक पट्टा सासूबाईंनी त्यांच्या पलंगापर्यंत वळवून घेतलाय. मुलगा म्हणतो आक्का हे नाव बदलायचं नाही.

डॉक्टरीणबाई, रिपोर्ट परवा येतील. इथे टाकते, कृपया बघाल का?