१९६७ टॉप्स सेट: फक्त ५८१ नंबर राहिलाय, कुठून घ्यावं?

ओटीवरचा
मंडळी, बेसबॉल कार्डं जमवणारे इथे किती आहेत माहीत नाही, पण अमेरिकेतले बरेच जण आहात म्हणून विचारतोय. टॉप्स कंपनीचा १९६७ चा सेट करतोय, एकूण ६०९ कार्डं, त्यातलं एकच राहिलंय आणि ते अर्थातच ५८१, मेट्स रूकी स्टार्स, म्हणजे न्यूयॉर्क मेट्सच्या टॉम सीव्हरचं रूकी (खेळाडूचं पहिलं कार्ड). मँटल (१५०) आहे, रॉड कॅरूचं रूकी (५६९) आहे, ब्रूक्स रॉबिन्सन (६००) पण मिळालं. एवढाच एक खण रिकामा.

बजेट ४५० डॉलर, टॅक्स आणि शिपिंग धरून. घरात तसं ठरलंय, त्यामुळे "अजून थोडे घाला" प्लीज नको. स्लॅब (ग्रेड देणाऱ्या कंपनीचा सीलबंद प्लास्टिक डबा) नकोय कारण सेट बाइंडरमध्ये आहे, नऊ खणांच्या पानात, तिथे स्लॅब मावत नाही. कोपरे गोल झालेले चालतील, सेंटरिंग तिरकं (चित्र मधोमध नसलेलं) चालेल, मोठी घडी मात्र नको. न्यू जर्सीत एडिसनला राहतो, दीड-दोन तास गाडी चालवायची तयारी आहे. ईबे बरं की कार्ड शो? आणि नकली कसं ओळखायचं? आगाऊ धन्यवाद.

डॅलसचे_दादा
पीएसए ६ घ्या, म्हणजे पीएसए या ग्रेडिंग कंपनीने ६ नंबर दिलेलं. माझ्याकडे आहे, ऑफिसच्या टेबलावर ठेवलंय, येणारा प्रत्येक माणूस आधी तेच उचलून बघतो. ४५० मध्ये येईल ते बघून रोज जीव जळेल तुमचा. हजारभर साठवा आणि एकदाच काय ते नीट घ्या.

ओटीवरचा
दादा, स्लॅब नको आणि ४५०, दोन्ही वर लिहिलंय.

डॅलसचे_दादा
वाचलं हो. तरीही ६ च.

चकलीभाजणी
पुठ्ठ्याच्या एका तुकड्याला पस्तीस-चाळीस हजार रुपये?? एसआयपीत टाका, वीस वर्षांनी पोरं नाव काढतील. आमच्या सोसायटीत एकाने नाण्यांवर असाच पैसा घातला, आता विकायला गेला तर कोणी विचारत नाही.

गिरगावचा_गणू
आमच्या लहानपणी बिग फन बबलगममध्ये क्रिकेटपटूंची कार्डं यायची, त्यावर रन आणि विकेटी असायच्या, त्या जमवून दिल्या की फ्लिपबुक मिळायचं. गम खाऊन खाऊन दात किडले पण पाहिजे ते कार्ड कधी निघालंच नाही. ती कार्डं आता कोणाकडे आहेत का? चांगला भाव देईन.

ओटीवरचा
गणूशेठ वेगळा धागा काढा की.

लेकहायातीचा_बंड्या
हे कार्ड महाग का माहितीये ना? टॉप्सने उरलेली कार्डं गाडीभर नेऊन समुद्रात बुडवली, म्हणून दुर्मिळ. न्यू जर्सीच्याच किनाऱ्याजवळ, म्हणजे तुमच्या घरापासून जवळच, पाणबुड्या लावा 😀

फिलीकर_वहिनी
बंड्या, ती गोष्ट १९५२ च्या सेटची. टॉप्सच्या साय बर्गरने १९६० मध्ये ५२ ची न खपलेली शेवटची सिरीज बार्जवर घालून समुद्रात टाकली होती. ६७ चं कारण साधं आहे. त्या काळी सगळी कार्डं एकदम येत नसत, उन्हाळाभर एकेक सिरीज निघायची. शेवटची सिरीज, म्हणजे ५३४ ते ६०९, दुकानात पोचेपर्यंत शाळा सुरू व्हायची, पोरं फुटबॉलच्या कार्डांकडे वळायची, दुकानदार मालच कमी मागवायचे. त्यामुळे हाय नंबरमधला कुठलाही सोम्यागोम्या खेळाडूसुद्धा पहिल्या सिरीजपेक्षा महाग, आणि त्यातच सीव्हर आणि कॅरू दोघांची रूकी अडकलेली. ही सिरीज पद्धत जवळजवळ १९७३ पर्यंत चालली, ७४ पासून सगळा सेट एकत्र यायला लागला.

ओटीवरचे भाऊ, आता तुमच्या प्रश्नाकडे. ईबेवर २५० डॉलरच्या वरच्या सुट्या कार्डाला त्यांची ऑथेंटिसिटी तपासणी असते, म्हणजे कार्ड आधी त्यांच्याकडे जाऊन मग तुमच्याकडे येतं. तुमचं कार्ड त्यात बसतं, लिस्टिंगवर ती निळी खूण आहे ना तेवढं बघून घ्या. पण मी तुमच्या जागी असते तर शोला गेले असते. फिली शो पेनसिल्व्हेनियात ओक्सला भरतो, एडिसनहून तुमच्या दीड-दोन तासांत सहज बसतो, जुन्या कार्डांची टेबलं भरपूर असतात. रोख न्या, शेवटच्या दिवशी दुपारनंतर जा, परत माल गाडीत भरायचा कंटाळा आलेला असतो त्यांना.

रच्याकने, सीव्हर आमचा होता होता राहिला याचं दुःख आमच्या सासऱ्यांना अजून आहे. १९६६ मध्ये ब्रेव्ह्जबरोबरचा त्याचा करार कमिशनरने रद्द केला, मग ज्यांना हवा त्या टीमच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या. फिलीज, क्लीव्हलंड आणि मेट्स, तिघंच. चिठ्ठी निघाली मेट्सची. सासरे म्हणतात ती टोपीच खोटी होती.

डॅलसचे_दादा
वहिनींच्या सासऱ्यांना अनुमोदन. तरीपण शोमध्ये सुटं कार्ड घेणं म्हणजे आंधळी कोशिंबीर, स्लॅबच घ्या.

बॅटरीवाला
सोपी ट्रिक सांगतो. यूव्ही टॉर्च घ्या, दहा डॉलरला मिळते. अंधारात कार्डावर मारा, चमकलं तर नकली, नाही चमकलं तर असली. मी याशिवाय कार्डाला हात लावत नाही.

भिंगराव
बॅटरीवाले, ही परीक्षा युद्धाच्या आधीच्या कार्डांना पक्की. तेव्हाच्या कागदात चमक आणणारं रसायन घालतच नसत. पन्नासच्या पुढे ते कागदात यायला लागलं, त्यामुळे ६७ च्या कार्डाचा निकाल नुसत्या टॉर्चवर लावू नका.

धागाकर्त्याला एक गोष्ट सांगतो जी कोणी बोललंच नाही. तुमच्याकडे त्याच सिरीजची पंच्याहत्तर खरी कार्डं आधीच आहेत! याहून चांगला नमुना कुठे मिळणार? दोन-चार साधी हाय नंबर कार्डं खिशात घेऊन जा आणि शेजारी ठेवून बघा. जाडी, कडेने दिसणारा पुठ्ठ्याचा रंग, मागचा हिरवा रंग, आणि आकार. कार्ड अडीच बाय साडेतीन इंच पाहिजे, एका बाजूने केसभर कमी भरलं तर कडा कापून कोपरे नवे केलेत असं समजा. मग दहापट भिंग लावून काळी अक्षरं बघा. खऱ्या छपाईत काळं अक्षर सलग शाईचं असतं, स्कॅन करून काढलेल्या नकलेत अक्षराच्या कडा ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात. टॉप्सने स्वतःच पुढे जुन्या कार्डांच्या अधिकृत नकला काढल्यात, त्या चकचकीत कागदावर असतात आणि मागे बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं, पण कोणी तेवढंच खरवडून विकायला ठेवतो.

बॅटरीवाला
माझी टॉर्च तीन नकली पकडून बसलीये. तुमचं भिंग ठेवा तुमच्याकडे.

भिंगराव
ती तीन कुठल्या सालची होती?

बॅटरीवाला
साल महत्त्वाचं नाही, तत्त्व महत्त्वाचं.

शार्लटची_शकू
कडा कापायच्या विषयावर मला बोलायचंच होतं. मी एका दुकानदाराकडून ६९ चं रेजी जॅक्सन रूकी घेतलं, कोपरे असे की बोट कापेल, माणूस गोडगोड बोलून वर बारा कार्डं फुकट देणारा. हौसेने एका ग्रेडिंग कंपनीला पाठवलं, फी वेगळी, विमा वेगळा, महिनोन्‌महिने वाट बघितली आणि शेवटी नंबर न देता परत, कडा कापलेल्या म्हणून. आता दुकानदार फोन उचलत नाही. ती फुकटची बारा कार्डं पण कचराच निघाली. गोडबोल्याकडून काही घेऊ नका एवढंच सांगेन.

काटकसरी_कोल्हापूर
४५० मध्येच बसवायचं असेल तर पीएसएची क्वालिफायरवाली कार्डं बघा. नंबरच्या पुढे ओसी असतं म्हणजे सेंटरिंग गेलेलं, एमके म्हणजे पेनची खूण. सात ओसी हे साध्या सातपेक्षा खूप स्वस्त जातं आणि तुम्हाला सेंटरिंग तिरकं चालतंयच. दुसरं म्हणजे मागच्या बाजूचा कागद निघालेली कार्डं, कोणीतरी वहीत चिकटवून ठेवलेली असतात आणि मग उपटलेली. बाइंडरमध्ये पुढची बाजूच दिसते ना? किंमत अर्ध्याच्या खाली. मी असाच क्लेमेंटे घेतला, मागे फेव्हिकॉलसारखं काहीतरी आहे, समोरून राजा.

आणि स्लॅब नको असला तरी स्लॅबमधलं घ्या की. पीएसए २ घ्या, सर्टिफिकेट नंबर त्यांच्या साइटवर टाकून फोटो ताडून बघा, घरी आणा आणि स्लॅब फोडा. खरेपणाची खात्री पण झाली आणि खणात पण बसलं.

डॅलसचे_दादा
स्लॅब फोडा?!! काय बोलता. देवाची मूर्ती फोडून आतला दगड घेण्यातला प्रकार आहे.

काटकसरी_कोल्हापूर
प्लास्टिकचा डबा आहे दादा तो.

चकलीभाजणी
म्हणजे ४५० ला घ्यायचं आणि घरी आणून फोडायचं. बरं बरं. चालू द्या.

मेट्सकर_माने
एवढे प्रतिसाद झाले आणि त्या कार्डावरच्या दुसऱ्या माणसाचं नाव कोणी घेतलं नाही! रूकी स्टार्सचं कार्ड आहे, दोघांचे फोटो आहेत, एक सीव्हर आणि एक बिल डेनेही. सीव्हरने त्या पहिल्याच सीझनला १६ मॅच जिंकून रूकी ऑफ द इयर घेतलं. डेनेहीने १ जिंकली आणि ७ हरल्या. पण ऐका, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेट्सने हा डेनेही आणि वर एक लाख डॉलर वॉशिंग्टनला देऊन त्यांचा मॅनेजर आणला, गिल हॉजेस. आणि त्याच हॉजेसच्या हाताखाली १९६९ ची वर्ल्ड सिरीज आली. म्हणजे बघा, ६९ ची टीम ज्या दोघांमुळे झाली ते दोघं एकाच पुठ्ठ्यावर आहेत, एक खेळून आणि एक जाऊन. नुसतं "सीव्हरचं कार्ड" म्हणणं अन्याय आहे.

फिलीकर_वहिनी
माने, हे छान सांगितलंत. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले एक लाख जरा जास्तच झाले.

गिरगावचा_गणू
खेळाडू देऊन मॅनेजर घेतला?? आपल्याकडे रणजीत असं करता आलं तर काय मजा येईल. मुंबईने कोणाला दिलं पाहिजे यावर माझ्याकडे लिस्ट तयार आहे.

मेट्सकर_माने
अवांतर: मेट्सच्या स्टेडियमचा, सिटी फील्डचा पत्ताच आता ४१ सीव्हर वे आहे, त्याचा जर्सी नंबर. बाहेर पुतळा पण आहे, २०२२ मध्ये बसवला, तो २०२० मध्ये गेला, बघायला राहिला नाही.

लेकहायातीचा_बंड्या
एवढं सगळं करण्यापेक्षा ५२ चा मँटल घ्या, २०२२ मध्ये एक १२.६ मिलियनला गेला. विषय संपला.

ओटीवरचा
बंड्या, ४५० वरून १२.६ मिलियन. आभारी आहे.

सगळ्यांना धन्यवाद. भिंगरावांचा सल्ला पटला, भिंग मागवलंय. कोल्हापूर, तुमची फोडाफोडी पण डोक्यात आहे. ओक्सला जाऊन येतो आणि कळवतो.

डॅलसचे_दादा
जाताय तर हजार घेऊन जा, असू द्या खिशात.

ओटीवरचा
अपडेट. घेतलं!

ओक्सला पाच-सहा टेबलांवर ५८१ होतं. स्लॅबमधली सगळी बजेटबाहेर, क्वालिफायरवालं एक होतं पण त्यावर सीव्हरच्या कपाळावर बॉलपेन, ते रोज बघवलं नसतं. मागून फाटलेलंही एक मिळत होतं, पण मला पाठ वाचायला आवडते, ६७ ची ती उभी हिरवी पाठ हेच तर या सेटचं सौंदर्य आहे. मग एका म्हाताऱ्या काकांच्या टेबलावर सुटं सापडलं. कोपरे बरे, रंग असा की काल छापलाय, सीव्हरच्या बाजूला डाग नाही की ओरखडा नाही. आणि डेनेहीच्या बाजूने वरपासून खालपर्यंत सरळ घडी, शाई निघालेली, आतला पुठ्ठा दिसतोय. माझी पंच्याहत्तरमधली चार कार्डं शेजारी ठेवून भिंगाने बघितली, अक्षरं सलग, आकार बरोबर. काका म्हणाले ३६०, मी ३००, शेवटी ३२५ रोख. घडी नको असं मीच लिहिलं होतं, माहितीये. तरी घेतलं आणि बाइंडरमध्ये बसवलं.

मेट्सकर_माने
डेनेहीच्या तोंडावरून?

ओटीवरचा
कानाजवळून.

मेट्सकर_माने
मी एवढं लिहिलं ते कोणासाठी.

काटकसरी_कोल्हापूर
३२५ जास्त झाले. घडीवालं आणि शाई गेलेलं म्हणजे ग्रेड एकच्या पुढे जात नाही. मागून फाटलेलं सोडायला नको होतं. पाठ कोण वाचतं.

भिंगराव
खरं कार्ड आहे ना, मग अभिनंदन. तो बाइंडर जुना असेल तर पानं तेवढी बदला, जुनी मऊ पीव्हीसीची पानं चिकटतात आणि वास मारतात. ॲसिड-फ्री, पीव्हीसी नसलेली घ्या. आणि बाइंडर उभा ठेवा, आडवा एकावर एक रचू नका.

बॅटरीवाला
टॉर्च मारली का?

ओटीवरचा
मुलाने मारली. ती चारही जुनी कार्डं आणि हे नवीन, सगळी सारखीच दिसली.

बॅटरीवाला
बघा, मी म्हणत होतो.

शार्लटची_शकू
काका गोड बोलत होते का?

ओटीवरचा
नाही हो, माझ्यावर खेकसले. कार्डं नीट धरा म्हणून.

शार्लटची_शकू
मग ठीक आहे.

फिलीकर_वहिनी
अभिनंदन! आता ६८ सुरू करा, ५९८ च कार्डं आहेत, सोपा आहे. फक्त १७७ ला नोलन रायनचं रूकी आहे, तेही मेट्सचंच, कूसमनबरोबर.

ओटीवरचा
वहिनी, उरलेले १२५ बायकोला परत दिलेत. आत्ता विषय काढायची हिंमत नाही.

सॅन_होजे_सुऱ्या
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. ५८१ ना? पीएसए ७ च्या खाली अजिबात जाऊ नका.