सीए १९-९ अगदीच कमी आलं, मग बायोप्सी टाळली तर चालेल का?

सावली: बाबांच्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडात गाठ दिसलीय आणि सीए १९-९ (कॅन्सरचा अंदाज घ्यायला करतात ती रक्ततपासणी) चा रिपोर्ट आला २ पेक्षा कमी, नॉर्मल ३७ पर्यंत असतं म्हणे. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, काका तर म्हणतायत आता कशाला उगाच सुई टोचून घ्यायची, पण माझा जीव काही थाऱ्यावर नाही. कुणाला माहितीय का?

लॅबमधला: बायोप्सी अजिबात टाळू नका! सीए १९-९ म्हणजे मुळात एक साखरेची साखळी, सायलिल लुईस ए, पेशीवरच्या प्रोटीनला आणि चरबीला चिकटलेली असते. ती बनवायला जे एन्झाइम लागतं ते साधारण ५ ते १० टक्के लोकांत जन्मतःच काम करत नाही, त्यांना लुईस निगेटिव्ह म्हणतात, आणि अशा माणसात कॅन्सर कितीही पसरला तरी हा आकडा बहुतेकदा तळालाच राहतो. २ पेक्षा कमी वाचून मला पहिली शंका तीच आली. डॉक्टरांना सरळ विचारा, सीईए आणि सीए १२५ या कॅन्सरच्या दुसऱ्या रक्ततपासण्या पण करून बघायच्या का म्हणून.

उमाताई: उलटंही होतं हं. माझ्या आईला पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली, सीए १९-९ नऊशेच्या वर, आठवडाभर आम्ही कुणी धड जेवलो नाही. खडा काढला, कावीळ उतरली आणि दोन महिन्यांत आकडा पण नॉर्मल. कॅन्सर नव्हताच. म्हणून नुसत्या आकड्यावर ना रडायचं ना निर्धास्त व्हायचं.

बायोकेमवाली: साखरेचं हे प्रकरण फार खोल आहे. एएफपी हे रक्तातलं एक प्रोटीन यकृताच्या कॅन्सरमध्ये वाढतं तसं सिरोसिसमध्येही (यकृत कडक होतं तो आजार) वाढतं, मग फरक कळायचा कसा, तर कॅन्सरच्या पेशी त्या प्रोटीनच्या साखरेला फ्युकोज नावाच्या साखरेचा एक जादा मणी लावतात आणि मसुरातलं लेक्टिन, म्हणजे साखरेला चिकटणारं प्रोटीन, नेमकं त्यालाच पकडतं, ती टेस्ट म्हणजे एएफपी-एल३. मला हे शिकताना अंगावर काटा आला होता. उपचारातही आहे, लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमात, म्हणजे नसांच्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, पेशींवर जीडी२ नावाची साखर लागलेली चरबी असते, तिच्यावर नेम धरणारं डिनुटुक्सिमॅब अमेरिकेत २०१५ ला मंजूर झालं. पण जीडी२ नसांवरही असतं, त्यामुळे औषध चालू असताना मुलांना भयंकर दुखतं, सोबत मॉर्फिनसारखं औषध द्यावं लागतं.

सावली: खूप आभार सगळ्यांचे. लुईस निगेटिव्हचं काकांना वाचून दाखवलं, ते गप्पच झाले. बायोप्सी गुरुवारी आहे.