हट्ट, आदळआपट, चावणं: प्रशिक्षण घेतलेल्यांनी अनुभव सांगा

दोन ते सात वर्षांच्या मुलांना कसं हाताळावं याचं प्रशिक्षण ज्या पालक-शिक्षकांनी घेतलं, त्यांनी लिहा. उपदेश नको; घरात, वर्गात काय घडलं ते हवं.

ब्रिस्बेनहून एक आई:
'ट्रिपल पी' हा पालकांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम इथल्याच क्वीन्सलंड विद्यापीठात मॅट सँडर्स यांनी उभा केला. आम्हाला तो मोफत मिळाला. लेक दुकानात चॉकलेटसाठी लोळण घ्यायची, आम्ही चारचौघांत लाज नको म्हणून घेऊन द्यायचो. लोळलं की मिळतं हे ती शिकली, दिलं की सुटका होते हे आम्ही. देणं बंद केल्यावर रडणं आधी वाढतं, याची कल्पना तिथे दिली होती म्हणून तग धरला. नेमक्या तेव्हाच सासूबाई आल्या. त्यांच्यासाठी कोर्समध्ये धडा नव्हता! "आई, लाड हवे तेवढे करा, फक्त रडून मागितलं तर देऊ नका," एवढंच म्हटलं. पहिला आठवडा त्या चोरून देत होत्या, मग जमलं.

अंगणवाडी सेविका:
"पळू नका" ऐवजी "हळू चाला" म्हणायला शिकले. गडबड करणाऱ्याला ओरडण्याआधी शेजारी नीट बसलेल्याचं नाव घेऊन कौतुक करते. बरेचदा तेवढ्यावर भागतं. पण चावण्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. चावणाऱ्याला लगेच बाजूला घेते, पण आधी ज्याला चावलं त्या पोराला जवळ करते. एकटीने सगळ्यांवर लक्ष ठेवायचं म्हणजे पुस्तकातलं सगळं होत नाही, खरं सांगते.

अमेरिकेतला एक बाबा:
आमची थेरपी 'पीसीआयटी', म्हणजे पालक-मूल संवादाची थेरपी, मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी तयार केलेली. मी मुलाशी खेळतो, थेरपिस्ट काचेपलीकडून माझ्या कानातल्या यंत्रात सूचना देते. घरी रोज पाच मिनिटं खेळ: हुकूम नाही, टीका नाही आणि प्रश्नही नाही. "हा कुठला रंग?" न विचारता पाच मिनिटं काढून बघा! तो काय करतोय तेच बोलून दाखवायचं: "तू लाल ठोकळा वर ठेवलास." शिस्तीचा भाग यानंतर.

एक आजोबा:
आमच्या वेळी एक धपाटा पुरे व्हायचा.

पहिलीच्या शिक्षिका:
काका, शाळेत तो 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद आहे. शिवाय धपाटा खाल्लेलं पोर मधल्या सुट्टीत तोच दुसऱ्याला देतं, हे मी रोज पाहते.