अभ्यासक्रम ठरवताना शाळेने पालकांना विचारावं का?

मूळ धागा
पालक म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या भरणारे लोक, ही समजूत सोडायला हवी. मुलांनी काय शिकावं यात त्यांचाही शब्द हवा. अमेरिकेत टूसॉन शहरात शिक्षण-संशोधक लुईस मोल आणि सहकाऱ्यांच्या प्रकल्पात शिक्षक मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या घरी गेले. तक्रार घेऊन नव्हे, शिकायला. ज्या घरांत शिकण्यासारखं काही नाही असं धरलं जायचं, तिथे शेती, खाणकाम, बांधकामाचं पक्कं ज्ञान निघालं. एका वर्गाने मग बांधकाम हाच विषय घेतला. मुलांनी इमारतींच्या प्रतिकृती केल्या, कामावरचे पालक वर्गात येऊन हत्यारं आणि मापं समजावू लागले. आपला बाप फळ्यापाशी उभा राहून शिकवतोय, हे त्या मुलाला कसं वाटलं असेल!

प्रतिसाद १
पण तिथे विषय शिक्षकांनीच ठरवला ना? पालक मदतीला आले, निर्णयाला नाही. आणि 'स्थानिक समाज' म्हणजे कोण? अमेरिकेतल्याच वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कनावा काउंटीत १९७४ मध्ये पाठ्यपुस्तकांवरून पालकांनी मुलं घरी बसवली, शाळांमध्ये स्फोट घडवण्यापर्यंत मजल गेली. तेही स्थानिकच होते. उत्क्रांती शिकवायची की नाही, हे हात वर करून ठरवणार का?

प्रतिसाद २
मी शिक्षिका आहे. आमची पालकसभा दुपारी असते. रोजंदारीवरची आई खाडा करून येईल का? दर वेळी तेच पाच-सहा चेहरे, आणि त्यांचं म्हणणं एकच: प्रकल्प बंद करा, सराव परीक्षा वाढवा. याला समाजाचं मत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

धागाकर्ता
उत्क्रांतीचा मुद्दा मान्य, तिथे मतदान नकोच. फिनलंडमध्ये अभ्यासक्रमाची चौकट देशपातळीवर ठरते. २०१४ ची चौकट २०१६ पासून शाळांत आली. तिच्या आत राहून नगरपालिका आणि शाळा आपापला अभ्यासक्रम लिहितात. अपूर्णांक शिकवायचेच, पण सुताराच्या मापातून की शेताच्या वाटणीतून, हे तिथल्या माणसांना विचारा.

प्रतिसाद १
फिनलंडचा वर्गशिक्षक पदव्युत्तर शिकलेला असतो, शाळा त्याच्यावर विश्वास टाकते. जिथे शिक्षकाला धडा पुढेमागे करायचीही मुभा नाही, तिथे हे लिहिणार कोण? आधी त्याला मोकळीक द्या, मग समाजाला बोलवा.

प्रतिसाद २
मोकळीक मिळेपर्यंत मी थांबणार नाही. पुढची सभा संध्याकाळी सातला ठेवू द्या, असं मुख्याध्यापकांना विचारते. जे कधीच येत नाहीत, त्यांच्या घरी आधी जाऊन येते.