नाशिकहून सुरतला जाताना दमणला मुक्काम करावा का?

पंचवटीकरीण: डिसेंबरात सुरतला मामेबहिणीचं लग्न आहे. पेठ–कपराडा–वापी मार्गे गाडीनेच जाणार. सोबत सासूबाई (गुडघे दुखतात) आणि दोन मुलं. मुलांना समुद्र हवाय, नवऱ्याला किल्ला. दमणला एका रात्रीत दोन्ही जमेल का? किनारा कुठला, देवका बरं की जांपोर?

सावळघाटी: आरामात जमेल. दमणगंगा नदीच्या उत्तरेला नानी दमण, तिथे हॉटेलं, बाजार आणि वीकेंडचा गोंगाट. बघण्यासारखं मात्र दक्षिणेला, मोटी दमणला. किल्ला म्हटल्यावर सासूबाई घाबरतील, पण हा काही रामशेजसारखा डोंगरावरचा नव्हे. सगळा सपाटीवर, आत रस्ते आणि सरकारी कचेऱ्या, गाडी थेट आत जाते. पोर्तुगीज इथे 1559 ते 1961 होते, म्हणजे चारशे वर्षं! आतलं बोम जेझू चर्च 1603 चं. लाकडी कोरीवकाम बघत सासूबाईंना निवांत बसता येईल, तोवर तुम्ही तट, खंदक आणि दीपगृह उरका. घाईत असाल तर नानी दमणचा छोटा किल्ला सोडा. आमच्याकडच्यांना मात्र तोच जास्त आवडला, तटावरून नदीतल्या होड्या दिसतात म्हणून.

आणि हो, ही दमणगंगा आपल्या दिंडोरी तालुक्यातूनच निघते. मुलांना नक्की सांगा.

ओझरचा_बाब्या: देवक्याला पोहायचा बेत असेल तर विसरा. ओहोटीला पाणी लांब जातं, मागे उरतात खडक आणि चिखल. 2023 साली झालेला तिथला नमो पथ संध्याकाळी फिरायला छान आहे, तेवढंच. मुलांसाठी जांपोर. पण तिथेही काळी वाळूच, गोव्याचे फोटो डोक्यात ठेवून जाऊ नका.

पंचवटीकरीण: मग भरतीची वेळ कशी काढायची?

ओझरचा_बाब्या: कॅलेंडरात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. दशमी असेल तर साडेसात, सकाळी आणि संध्याकाळीही. हा ठोकताळा मुंबई-कोकणचा, दमणला भरती त्याहून जरा उशिरा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा मुलांना पाण्याच्या कडेलाच खेळू द्या. नेमकी वेळ हॉटेलवाल्याला किंवा तिथल्या कोळ्यांना विचारा.

गंगापूर_रोड: पेठचा घाट उजेडातच पार करा, ट्रक फार असतात. दमणला दारू मिळते, पण बाहेर पडलात की गुजरात आणि तिथे दारूबंदी. लग्नाला निघालेल्या काकामंडळींना आधीच बजावा, वाटेत गाड्या तपासतात.

पंचवटीकरीण: 😄 काका दुसऱ्या गाडीत आहेत. ठरलं, दुपारी मोटी दमण आणि मग जांपोर. आता एकच सांगा, सासूबाईंना शाकाहारी जेवण लागतं, ते मिळेल ना?

सावळघाटी: चिंताच नको ताई. नानी दमणच्या बाजारात गुजराती थाळी मिळते. डाळ गोड असते, एवढं सांगून ठेवा.