प्रतिसाद: कड्यावर मोजलेला उतार

खडकाच्या थरांची नती (आडव्या पातळीपासूनचा उतार) कशी मोजायची आणि थर उलटलेत का हे कसं ओळखायचं, असं वर विचारलंय. त्यावर कुणी रस्त्यालगतच्या कापावर, म्हणजे कापलेल्या कड्यावर, कोन लावून नती मोजायला सांगितली आहे. तिथेच घोळ होतो. काप नतिलंबाला (थराच्या पृष्ठभागावरच्या आडव्या रेषेच्या दिशेला) काटकोनात नसेल तर दिसणारा उतार खऱ्यापेक्षा नेहमी कमी असतो. खरी नती ३० अंश आणि काप नतिलंबाशी ४५ अंशांत असेल तर कड्यावर जेमतेम २२ अंश दिसतात. म्हणून थराचा उघडा पृष्ठभाग शोधा आणि होकायंत्र-क्लिनोमीटर (दिशा आणि उतार मोजणारं उपकरण) त्यावरच टेकवा.

वालुकाश्मात आणखी एक सापळा आहे: तिरप्या स्तरणाच्या रेघा, म्हणजे वाळू साचतानाच थराच्या आत पडलेल्या तिरक्या रेघा. त्या मूळच्याच तिरक्या, ३० अंशांपर्यंतही असतात. त्यांना थराची नती समजून नोंदवलं की अख्खा नकाशा वाकडा. वरखालच्या शेलचा (चिखलापासून बनलेल्या खडकाचा) वालुकाश्माशी संपर्क पाहा, खरा थर तोच.

पण या रेघा फेकू नका! थर उलटलेत का, हा वर विचारलेला प्रश्न त्याच सोडवतात. थर सुलटे असतील तर त्या खाली हळूहळू सपाट होत जातात, वर मात्र कापल्यासारख्या तुटतात. चिखलाच्या भेगा खाली निमुळत्या होतात, तीही खूण जुळते का बघा. एकाच खुणेवर मी तरी उलटापालट जाहीर करणार नाही.